दांडी (तंतुवाद्य)

तंतुवाद्याच्या ध्वनिपेटीपासून निघून खुंट्यांपर्यंत जाणाऱ्या लांब भागास दांडी असे म्हणतात. तंबोरा, सतार, वीणा, गिटार, मेंडोलिन या सर्व वाद्यांना दांडी असते. गिटारच्या बाबतीत याच भागासाठी 'मान' किंवा 'नेक' हे शब्दही वापरले जातात. दांडीला दोन कामे करावी लागतात: तारांचा ताण सतत सोसणे आणि वादकाच्या हाताला सोयीचे होणे. ही दोन्ही कामे एकमेकांच्या विरोधी आहेत. ताण सोसण्यासाठी दांडी जाड हवी, तर हातासाठी बारीक. वेगवेगळ्या परंपरांनी आणि निर्मात्यांनी या पेचातून काढलेले मार्ग निरनिराळे आहेत. महाराष्ट्रात मिरज येथील कारागिरांची दांडी आणि बाजारात मिळणारी पोलादी तारांची गिटार यांची तुलना केल्यास हा फरक ठळकपणे दिसतो.

मिरजेची दांडी

सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंबोरा आणि सतार यांच्या निर्मितीचे जुने केंद्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पटवर्धन संस्थानिकांच्या काळात शस्त्रे घडविणाऱ्या व त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील कारागीर या व्यवसायाकडे वळले. या परंपरेच्या आरंभाशी फरीदसाहेब यांचे नाव जोडले जाते. पुढे या घराण्यांनी 'सतारमेकर' हेच आडनाव लावले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचे वास्तव्य मिरजेत होते आणि अशा गायकांच्या सहवासात तेथील तंबोऱ्याचा नाद घडत गेला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

मिरजेच्या वाद्याचा भोपळा सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा-पंढरपूर परिसरातून येतो. दांडी तूण या झाडाच्या लाकडाची असते. तुणाचे लाकूड हलके, तांबूस आणि कोरण्यास सोपे असते. नीट वाळवलेले असल्यास ते सहसा पिळत नाही. दांडी भरीव नसते. लाकूड पन्हळीप्रमाणे आतून कोरून काढतात आणि त्यावर पातळ पट्टी चिकटवून ती बंद करतात. ही पोकळ दांडी भोपळ्याला थेट न जोडता मध्ये लाकडाचा गळा बसवतात. सांध्यावर पानांच्या आकाराचे नक्षीदार तुकडे चिकटवलेले असतात. ते शोभेचे वाटतात, पण सांधा झाकण्याचे कामही तेच करतात.

तंबोऱ्याच्या तारा दांडीवर दाबून वाजवायच्या नसतात, त्या मोकळ्याच छेडल्या जातात. त्यामुळे तंबोऱ्याची दांडी रुंद व पोकळ ठेवूनही वादकाची अडचण होत नाही. कालांतराने ती किंचित वाकली तरी तारा पुन्हा सुरात लावता येतात आणि जवारी नव्याने काढता येते. सतारीची गोष्ट अधिक अवघड आहे. तिच्या दांडीवर मुख्य तारांखेरीज अकरा ते तेरा तरफेच्या ताराही असतात व त्यांच्या खुंट्या दांडीच्या कुशीतच बसवलेल्या असतात. शिवाय मींड घेताना वादक तार बाजूला ओढून चार-पाच स्वरांपर्यंत चढवतो, त्यासाठी दांडी चांगलीच रुंद लागते. तरीही सतारीच्या दांडीत परंपरेने लोखंडी सळई नसते. याचे कारण तिच्या पडद्यांत आहे. सतारीचे पडदे धातूचे, कमानदार आणि दोऱ्याने बांधलेले असतात. ते वरखाली सरकवता येतात. रागानुसार स्वर बदलण्यासाठी केलेली ही सोय दांडीतील लहानसहान दोषही पोटात घेते. स्वर चुकू लागला तर पडदा सरकवला जातो, दांडी दुरुस्त करावी लागत नाही.

गिटार: पक्के पडदे आणि लोखंडी सळई

गिटारचे पडदे दांडीवरील लाकडी पट्टीत ठोकून कायमचे बसवलेले असतात. म्हणून दांडीचा आकार मिलिमीटरच्या अंशानेही बदलला तर त्याचा परिणाम सरळ वाजवण्यावर होतो. तारा उंच गेल्यास बोटे दुखतात व दाबलेला स्वर चढतो. तारा खाली आल्यास त्या पडद्यांना घासून करकरतात.

नायलॉनच्या तारांची स्पॅनिश गिटार या बाबतीत सुदैवी आहे. तिच्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारण ४० किलोग्रॅम वजनाइतका असतो. आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) यांच्या काळापासून रूढ असलेल्या पद्धतीत दांडी आणि तिची टाच एकसंध ठेवून बाजूच्या फळ्या थेट टाचेच्या खाचांत बसवतात, म्हणजे वाद्य दांडीभोवतीच बांधले जाते. अशा दांडीत बहुधा सळई नसते. तिचे लाकूड पुष्कळदा सेड्रेला या जातीचे असते. ही जात आणि मिरजेचा तूण ही जवळची नातलग झाडे असून पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ तुणाची गणना सेड्रेला प्रजातीतच करीत असत. गिटारच्या दांडीचे दुसरे प्रसिद्ध लाकूड महोगनी हेही त्याच कुळातले, आणि आपला कडुनिंबही त्याच कुळातला.

पोलादी तारांनी मात्र सारे गणित बदलले. हलक्या जाडीच्या संचातही सहा तारांचा ताण ७० ते ७५ किलोग्रॅमच्या आसपास जातो आणि तो दिवसरात्र दांडीला पुढे ओढत राहतो. यावरचा निर्णायक उपाय अमेरिकेतील कॅलामझू येथील गिब्सन कंपनीत निघाला. तेथील थॅडियस मॅकह्यू यांनी दांडीच्या आत बसवायच्या, पेच फिरवून घट्ट-सैल करता येणाऱ्या सळईसाठी १९२१ मध्ये एकस्वाचा अर्ज केला आणि १९२३ मध्ये ते मंजूर झाले. हीच आजची 'ट्रस रॉड'. तिचा पेच आवळला की दांडी मागे सरते, सैल केला की तारांच्या ओढीने पुढे येते.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. ट्रस रॉड दांडीचा बाक सुधारते, दांडीचा ध्वनिपेटीशी असलेला कोन सुधारत नाही. वर्षानुवर्षांच्या ताणाने हा कोन बिघडला की सळई कितीही आवळली तरी तारा खाली येत नाहीत. उलट सळईचा पेच तुटण्याचा धोका असतो. कोन सुधारायचा तर दांडी ध्वनिपेटीपासून वेगळी करून पुन्हा बसवावी लागते. म्हणूनच गिटारच्या कंपन्यांमधील महत्त्वाचा भेद सांध्यात पाहावा लागतो.

कंपन्यांच्या पद्धती

मार्टिन ही या क्षेत्रातील सर्वांत जुन्या कंपन्यांपैकी एक. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांनी १८३३ मध्ये न्यूयॉर्क येथे ती सुरू केली आणि काही वर्षांतच ते पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे गेले. व्हिएन्नातील श्टाउफर या कारागिराकडे ते शिकले होते. त्यामुळे त्यांच्या सुरुवातीच्या काही गिटारींच्या टाचेत, घड्याळाला चावी द्यावी तशा चावीने दांडीचा कोन बदलण्याची सोय होती. पुढे ती सोय मागे पडली आणि कंपनीने डव्हटेल सांधा स्वीकारला. यात टाचेवर कबुतराच्या शेपटीसारखी, आत रुंद होत जाणारी जीभ कोरतात व ती ध्वनिपेटीच्या खाचेत सरसाने पक्की करतात. ट्रस रॉडच्या बाबतीत मात्र मार्टिनने फार उशीर केला. १९३४ पासून दांडीत पोलादाची न हलणारी पट्टी, १९६७ पासून चौकोनी नळी, आणि पेचाने आवळता येणारी सळई थेट १९८५ मध्ये. गिब्सनच्या एकस्वानंतर साठाहून अधिक वर्षे मार्टिनच्या दांड्या केवळ लाकूड आणि ठाम पट्टी यांच्या बळावर उभ्या होत्या, आणि त्यांपैकी अनेक आजही वाजतात.

डव्हटेल सांधा उत्तम साधला तर लाकडाला लाकूड घट्ट भिडते. तो सोडवणे मात्र कौशल्याचे काम आहे. कारागीर साधारणपणे पंधरावा पडदा काढतो, त्याच्या खाचेतून सांध्यापर्यंत बारीक भोक पाडतो आणि आत वाफ सोडून सरस मऊ करतो. नंतर टाच थोडी तासून दांडी नव्या कोनात बसवली जाते.

टेलर कंपनीने (स्थापना १९७४, कॅलिफोर्निया) बोल्टने जोडलेली दांडी प्रतिष्ठित केली. १९९९ मध्ये आलेल्या तिच्या नव्या रचनेत टाच आणि पडद्यांच्या पट्टीचे टोक हे दोन्ही ध्वनिपेटीत अचूक कोरलेल्या खाचांत बसतात आणि बोल्टने आवळले जातात. कोन बदलायचा असल्यास बोल्ट काढून वेगळ्या जाडीची पातळ चकती घातली की काम होते. वाफ, सरस यांचा प्रश्नच येत नाही. सरसाचा सांधा अधिक गोड वाजतो असे मानणारे वादक पुष्कळ आहेत व त्याला आक्षेप घेणारेही तितकेच. ध्वनीविषयीचा हा वाद मिटणारा नाही. दुरुस्तीच्या श्रमांतील फरक मात्र वादातीत आहे.

जपानच्या यामाहा कंपनीने १९६६ मध्ये आणलेल्या एफजी मालिकेमुळे परवडणाऱ्या किमतीत नेटकी दांडी सर्वत्र पोहोचली. भारतात या कंपनीचा कारखाना चेन्नईजवळ असून तेथेही गिटारी तयार होतात. गिव्हसन यांसारख्या जुन्या भारतीय गिटारी कोलकात्यातल्या. अनेक विद्यार्थ्यांच्या हाती पहिले वाद्य म्हणून त्याच आल्या. स्वस्त वाद्यांत, मग ते कोणत्याही देशातले असो, सांधा बहुधा कायमचा चिकटवलेला असतो आणि दांडी पुन्हा बसवण्याचा खर्च वाद्याच्या किमतीहून जास्त होतो. त्यामुळे अशा गिटारीचा कोन बिघडला की घोडीवरील पट्टी तासून थोडेबहुत काम भागवले जाते. ती तासण्याइतकी उरली नाही की वाद्य निकामी ठरते.

शेंड्याच्या जोडणीतही भेद असतो. तारा पट्टीवर नीट टेकाव्यात म्हणून शेंडा मागे झुकलेला ठेवतात. एकाच लाकडातून असा शेंडा कोरला तर वळणाच्या जागी लाकडाच्या शिरा आडव्या तुटतात आणि गिटार पडल्यास ती नेमकी तेथेच मोडते. तिरका छेद देऊन शेंडा वेगळा चिकटवला तर शिरा सरळ राहतात. हा जोड दिसायला गरीब वाटला तरी बळकट असतो. त्यावरून वाद्याला हलके समजणे योग्य नव्हे.

लाकूड आणि कायदा

पडद्यांच्या पट्टीसाठी शिसव व एबनी ही कठीण लाकडे वापरली जातात. १९६९ च्या सुमारास ब्राझीलचे शिसव मिळणे कठीण झाल्यावर मार्टिनने गिटारच्या पाठीसाठी व बाजूंसाठी भारतीय शिसव घेतले आणि ते जगभर रूढ झाले. वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारान्वये २०१७ पासून शिसवाच्या सर्व जातींवर निर्बंध आले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून बरीच सूट मिळाली.

हवामानाचा परिणाम

बहुतेक उत्पादक गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता सुचवतात. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षभर क्वचितच टिकते. पूर्व विदर्भातील गोंदिया, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांत मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि हवा कोरडी होते. जूनच्या मध्यानंतर काही दिवसांतच ती दमट होते. भाताच्या या प्रदेशात एकच गिटार महिन्याभरात दोन टोकांच्या हवामानातून जाते. कोरड्या दिवसांत पट्टीचे लाकूड आकसते, पडद्यांची टोके हाताला टोचू लागतात, वरची फळी खचते व तारा खाली येऊन करकरतात. पावसाळ्यात फळी फुगते, घोडी वर येते आणि तारा उंच जातात. अशा वेळी बिघाड दांडीत आहे असे समजून सळई फिरवत बसणे चुकीचे ठरते, कारण बदल ध्वनिपेटीत झालेला असतो. लाकूड नव्या हवेला स्थिरावेपर्यंत थांबणे व गिटार पेटीत बंद ठेवणे अधिक श्रेयस्कर.

दांडीची स्थिती पाहण्यासाठी कारागीर जाडीची तार पहिल्या व चौदाव्या पडद्यावर एकाच वेळी दाबतात आणि सातव्या पडद्याजवळील फट पाहतात. ही फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी असणे ठीक असते. ती जास्त असल्यास किंवा अजिबात नसल्यास ट्रस रॉड हलकेच, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवतात. दुसरी कसोटी कोनाची: लांब सरळ पट्टी पडद्यांवर ठेवून ध्वनिपेटीकडे सरकवल्यास तिचे टोक घोडीच्या लाकडी पाठीवर टेकले पाहिजे. ते घोडीच्या अंगावर खाली आदळत असेल तर कोन बिघडलेला असतो, आणि अशी गिटार विकत घेताना सांधा कोणत्या प्रकारचा आहे हे आधी विचारले जाते.