तेराव्या अंकाची राखण

करंजीहून वणीकडे जाताना लागणारे, यवतमाळ जिल्ह्यातले मारेगाव कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या पट्ट्यात येते. समजा, इथल्या एखाद्या बचत गटाने तूर भरडून डाळ केली, एकेक किलोच्या पाकिटांत भरली आणि ऑनलाइन बाजारात विकायला काढली. पाकिटाची नोंद करताना संगणक सुरुवातीलाच बारकोडचा तेरा अंकी क्रमांक मागतो. तो भरताना चूक झाली आणि भलताच क्रमांक गेला, तर पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला मारेगावची डाळ दिसेलच असे नाही. ती दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीच्या मालाच्या पानावर, दुसऱ्याच चित्राखाली जाऊन बसू शकते. माल उत्तम, वजन चोख, पण क्रमांकातल्या चुकीने त्याची ओळखच पुसली जाते. ही चूक कशी होते, गणित ती कुठवर पकडते आणि कुठे हात टेकते, हे आता गावोगावच्या उत्पादकाने समजून घ्यायला हवे.

बारकोडची कल्पना पाऊणशे वर्षांची आहे. नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोन अमेरिकी तरुणांनी १९४९ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. वुडलँडला ही कल्पना मोर्स संकेतावरून सुचली होती. तिला व्यवहारात उतरवणारे स्वस्त संगणक आणि लेसर मात्र तेव्हा नव्हते. पुढे आयबीएम कंपनीतल्या जॉर्ज लॉरर यांनी बांधलेली रेघांची रचना अमेरिकी किराणा उद्योगाने १९७३ मध्ये स्वीकारली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचे पाकीट पहिल्यांदा स्कॅन झाले. अमेरिकेच्या बारा अंकांत युरोपने एकाची भर घातली आणि तीच तेरा अंकी पद्धत भारताने घेतली. आपल्याकडे हे क्रमांक देणारी ‘जीएस१ इंडिया’ ही संस्था १९९६ मध्ये स्थापन झाली.

भारतात घेतलेला क्रमांक ८९० ने सुरू होतो. ८९० म्हणजे भारतात बनलेला माल, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. या तीन अंकांतून एवढेच कळते की, क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला आहे. माल कुठे पिकला, कुठे बनला, हे पाकिटावर वेगळे लिहिलेले असते. त्यापुढचे काही अंक कंपनीची ओळख सांगतात, नंतरचे त्या विशिष्ट वस्तूची. शेवटचा, तेरावा अंक आधीच्या बाराही अंकांवर नजर ठेवतो.

हे तेरा अंक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत कसे मावतात, तेही पाहण्याजोगे आहे. संपूर्ण बारकोड ९५ समान रुंदीच्या उभ्या घरांत विभागलेला असतो. प्रत्येक अंकाला सात घरे मिळतात आणि त्यांत दोन काळे, दोन पांढरे पट्टे बसतात. दोन्ही कडांना आणि मधोमध असलेल्या रेघा हद्दीच्या खुणा असतात. पहिल्या अंकाला स्वतःच्या रेघाच नसतात. डावीकडचे सहा अंक दोन वेगवेगळ्या पद्धतींनी काढता येतात आणि त्या पद्धतींच्या क्रमावरून यंत्र पहिला अंक ओळखते. उजवीकडच्या अंकांची घडण निराळी असल्याने पाकीट उलटे धरले तरी वाचन चुकत नाही. छपाईत मात्र जपावे लागते. लेसर लाल असेल, तर पांढऱ्या कागदावरच्या लाल रेघा त्याला दिसतच नाहीत. दोन्ही बाजूंची मोकळी जागा नक्षीने भरली, तर यंत्राला सुरुवात आणि शेवट सापडत नाही.

आता तेराव्या अंकाचे गणित. नमुन्यासाठी ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घेऊ. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक मिळवले, तर बेरीज २८ येते. दुसरा, चौथा, सहावा अशा उरलेल्या अंकांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. या बेरजेला दहाने पूर्ण भाग जाण्यासाठी जितके मिळवावे लागतील, तो तेरावा अंक. इथे तो शून्य आहे, म्हणून पूर्ण क्रमांक ८९०१२३४५६७८९०. टंकताना ४ आणि ५ यांची अदलाबदल झाली, तर बेरीज १२८ होते, शून्याऐवजी २ हवे होतात आणि संगणक क्रमांक नाकारतो.

तिनानेच का गुणायचे? कोणतेच अंक गुणले नाहीत, तर जागा बदलूनही बेरीज तीच राहते. दोनाने गुणले, तर ० आणि ५ दोघांच्याही गुणाकाराच्या शेवटी शून्य येते, म्हणजे एकाच्या जागी दुसरा पडला तरी कळत नाही. तीन आणि दहा यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे कोणताही एक अंक चुकला की ती चूक हमखास सापडते. शेजारच्या अंकांच्या अदलाबदलीत मात्र एक फट राहते. १ आणि ६, २ आणि ७ असा पाचाचा फरक असेल, तर बेरजेत नेमका दहाचा फरक पडतो आणि चूक निसटते. शेजारी येऊ शकणाऱ्या दोन भिन्न अंकांच्या ९० जोड्यांपैकी १० अशा आहेत. शिवाय मनाने रचलेल्या दहा क्रमांकांतला सरासरीने एक या परीक्षेत उत्तीर्ण होतो.

प्रत्यक्षात फार मोठा घोळ हिशेबाच्या संगणकीय तक्त्यात होतो. तक्ता तेरा अंकी क्रमांकाला रक्कम समजून ‘८.९०१२३ गुणिले दहाचा बारावा घात’ अशा आखूड रूपात दाखवतो. फाइल तशीच साध्या मजकुराच्या रूपात साठवली, की आपला नमुना ८९०१२३००००००० होऊन बसतो. शून्याने सुरू होणाऱ्या परदेशी क्रमांकांचे पहिले शून्यच गळते. या नमुन्यात तेराव्या जागी १ हवा, म्हणून चूक पकडली जाईल. पण एकाच कंपनीचे सगळे क्रमांक अशा रीतीने एकसारखे झाले, तर मूळ अंक परत मिळवायला जुनी नोंदच लागते. क्रमांकाचा रकाना आधीपासून ‘मजकूर’ म्हणून ठरवणे, एवढाच यावरचा उपाय आहे.

गणिताची धाव इथे संपते. क्रमांक निर्दोष असून मालाशी त्याची गाठ चुकीची पडली, तर तेरावा अंक काही करू शकत नाही. अर्धा किलो आणि एक किलोच्या पाकिटांना एकच क्रमांक छापणे, पाकिटाऐवजी खोक्यावरचा चौदा अंकी क्रमांक भरणे, बंद केलेल्या वस्तूचा क्रमांक नव्या वस्तूला देणे, मध्यस्थाकडून स्वस्तात क्रमांक विकत घेणे, या चुका बेरजेत दिसत नाहीत. मध्यस्थाचा क्रमांक मूळ नोंदीत परक्याच कंपनीच्या नावावर निघतो. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या वस्तूला पुन्हा द्यायचा नाही, हा नियम जगभर २०१९ पासून लागू आहे.

ऑनलाइन बाजारात बारकोडचे काम सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकासारखे चालते. गट क्रमांक पीक सांगत नाही, मालकही सांगत नाही. तो फक्त नोंदीपर्यंत नेतो आणि नोंद चुकली तर रीतसर फेरफार करावा लागतो. बाजाराच्या कॅटलॉगमध्ये एका क्रमांकाला सहसा एकच पान असते आणि अनेक विक्रेते त्या एका पानाला जोडलेले असतात. म्हणूनच पान तयार झाल्यावर क्रमांक बदलण्याची मुभा बहुधा विक्रेत्याला नसते. त्याला बारकोड स्पष्ट दिसेल असे पाकिटाचे छायाचित्र, क्रमांक आपल्या नावावर असल्याचे प्रमाणपत्र आणि चूक नेमकी कुठे आहे याचा खुलासा पाठवावा लागतो. तो क्रमांक कोणाचा, हे जीएस१ च्या जागतिक नोंदीत कुणालाही तपासता येते. जुन्या चुकीच्या पानावर नव्या मालाचे चित्र चिकटवणे ही दुरुस्ती नव्हे. त्याने आधीच्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय भलत्याच मालाच्या नावावर जमा होतात.

डाळीच्या पाकिटात चूक झाली, तर नुकसान पैशाचे. यवतमाळ जिल्ह्यात तिच्याहून घातक पाकिटेही घरोघर येतात. २०१७ च्या खरिपात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. नोव्हेंबर २०२२ पासून परवानाधारक विक्रेत्यांना कीटकनाशके ऑनलाइन विकायलाही मुभा आहे. विषबाधेत डब्यात कोणते रसायन होते, हे डॉक्टरांना कळणे मोलाचे असते. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या विषावर अ‍ॅट्रोपिन उपयोगी पडते; पायरेथ्रॉइड गटासाठी तसा नेमका उतारा नाही. ऑनलाइन पानावर एक नाव आणि हातातल्या डब्यावर दुसरे असेल, तर विश्वास डब्यावरच्या लेबलावर ठेवावा. असे औषध न फोडता परत करावे, आणि कुणाला बाधा झालीच तर डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

रेघांच्या बारकोडला आणखी एक मर्यादा आहे. त्यात वस्तूचा प्रकार असतो. तुकडी क्रमांक आणि मुदत नसते. ती माहिती क्यूआर कोडमध्ये मावते. म्हणून १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० प्रमुख औषध ब्रँडच्या वेष्टनावर, तुकडी आणि मुदतीची माहिती देणारा असा कोड सक्तीचा झाला. त्याच वर्षी बियाण्याचा माग ठेवणारी ‘साथी’ ही केंद्र सरकारची प्रणाली सुरू झाली. २०२७ अखेर जगभरच्या दुकानांतली यंत्रे अशा चौकोनी कोडसाठी तयार व्हावीत, असे जीएस१ चे उद्दिष्ट आहे.

कोड कितीही सुधारला, तरी त्यामागची नोंद खरी ठेवणारे माणूसच असते. मारेगावच्या बचत गटाने क्रमांक स्वतःच्या नावावर घ्यावा, प्रत्येक वजनाला वेगळा घ्यावा, छापलेले पाकीट स्कॅन करून मगच नोंद भरावी आणि नंतरही आपले पान अधूनमधून उघडून पाहावे. गिऱ्हाइकाने पानावरचे उत्पादकाचे नाव, निव्वळ वजन आणि किंमत हातातल्या पाकिटाशी ताडून पाहावी. विक्रेता दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. तेरावा अंक बाकीच्या बारा अंकांची राखण करतो. त्या तेरा अंकांशी जोडलेला माल खरा ठेवणे ही उत्पादक, विक्रेता आणि गिऱ्हाईक या तिघांची जबाबदारी आहे. ती पाळली, तरच शेकडो मैलांवरच्या माणसाने न पाहता घेतलेल्या डाळीवर मारेगावच्या शेतकऱ्याचे नाव टिकेल.