मोडता न येणारं नाणं

नात्यातलं लहान मूल पहिल्यांदा घरी आलं, की निघताना आजी त्याच्या हातावर नाणं ठेवते. आहेराच्या पाकिटावर तर रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं असतं. त्या रुपयात काही येत नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. जिओकॅशिंग नावाच्या खेळात नवख्याच्या हाती असंच एक नाणं पडतं. ते मोडून काही घेता येत नाही आणि बहुतेक वेळा आपलं म्हणून ठेवूनही घेता येत नाही.

खेळ साधा आहे. कोणीतरी रानात, पुलाखाली, बागेच्या कोपऱ्यात एक डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो हुडकायचा. पण हा खेळ 2000 सालापूर्वी जवळपास अशक्यच होता. तोवर अमेरिकी लष्कर सामान्य लोकांसाठीचे जीपीएसचे संकेत मुद्दाम बिघडवून सोडत असे. शंभरेक मीटरची चूक सहज व्हायची, आणि एवढ्या परिघातल्या झाडाझुडपांत डबा शोधणार कसा? 1 मे 2000 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही भेसळ थांबवण्याची घोषणा केली आणि त्याच रात्री जगभरातली सगळी यंत्रं, कोणी बोटही न लावता, कितीतरी पटींनी अचूक झाली.

3 मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या जंगलात एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा एक डबा. शिवाय वही आणि पेन्सिल. नियम एवढाच: काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधून काढली.

आता ‘काही ठेवा’ म्हणजे ठेवायचं काय? लोक गोट्या, बिल्ले, प्लास्टिकची खेळणी टाकत. 2001 साली जॉन स्टॅनली या खेळाडूनं आपल्या नावाची, क्रमांक घातलेली नाणीच पाडून घेतली. खेळातलं त्याचं टोपणनाव ‘माउन10बाइक’. ‘माउंटेन’मधला ‘टेन’ अंकात! असल्या विक्षिप्त माणसालाच स्वतःची टांकसाळ सुचायची. तिथून जिओकॉइनची प्रथा पसरली. खेळाडूंच्या मेळाव्यांची, शहरांची, कुणाला सापडलेल्या हजाराव्या डब्याचीसुद्धा नाणी निघू लागली.

असं एखादं नाणं तळहातावर घेऊन पाहावं. आपल्या जुन्या राणीछाप रुपयाहून ऐसपैस, हाताला चांगलं जड. उठावाच्या रेघांमधल्या खोलगट जागा मीनाकामासारख्या रंगानं भरलेल्या. आणि कुठेतरी कडेला, नीट पाहिल्याशिवाय न दिसणारी, बारीक कोरलेली काही अक्षरं नि आकडे. सगळी जादू तिथे आहे. हा सांकेतिक क्रमांक खेळाच्या संकेतस्थळावर टाकला, की त्या एका नाण्याचं पान उघडतं: ते कुठून निघालं, कोणकोणत्या डब्यांत मुक्काम केला, किती किलोमीटर झाले. मालकानं त्याला कामही नेमून दिलेलं असतं, समुद्र पाहून ये, अमुक देशात जा, असं काहीतरी. नाणं स्वतः चालू शकत नाही, म्हणून ते काम शोधणाऱ्याच्या गळ्यात पडतं. उचललंत तर पुढच्या डब्यात ठेवा, नाहीतर नुसतं ‘पाहिलं’ अशी नोंद करून जागच्या जागी राहू द्या.

मेळाव्यात जुने खेळाडू नाण्यांचे अल्बम टेबलावर पसरून बसतात आणि नवा आलेला ‘पाहिलं’ अशी नोंद करायला त्यांतले क्रमांक टिपून घेतो. कोणी स्वतःच्या नावाचं नाणं त्याला कायमचं देऊनही टाकतं. मला मात्र ती डब्यातली, फिरती नाणी जास्त आवडतात. कालच खेळायला लागलेल्या अनोळखी माणसावर आपलं नाणं सोपवायचं, म्हणजे काय विश्वास! हा विश्वास कधी फसतोही. नवख्याला वाटतं, बक्षीस मिळालं. तो खुशाल खिशात टाकतो. अशा नाण्याच्या नकाशावरची रेघ देश ओलांडत येते आणि कुणाच्या तरी टेबलाच्या ड्रॉवरपाशी संपते.

अशाच क्रमांकाचा एक प्रवासी सध्या मंगळावर आहे. 2020 साली निघालेल्या नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवर शेरलॉक नावाचं उपकरण आहे. ते नीट चालतंय की नाही हे ताडून पाहायला एक पट्टी लावलेली आहे आणि तिच्यावर अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या काचेला वापरतात त्या पॉलिकार्बोनेटचा एक तुकडा आहे. त्या तुकड्यावर जिओकॅशिंगचा क्रमांक आहे. गाडीनं मंगळावरून धाडलेल्या छायाचित्रांत तो शोधायचा, वाचायचा आणि घरबसल्या ‘पाहिलं’ म्हणून नोंद करायची. उचलून पुढच्या डब्यात टाकायची सोय तेवढी अजून झालेली नाही.