बंबावरची उमेदवारी

धुराने भरलेल्या खोलीत चाचपडताना हात कसा धरायचा, हे इंग्लंडमधल्या अग्निशमन दलात नव्या माणसाला अगदी सुरुवातीला शिकवतात. तळहात स्वतःकडे, हाताची पाठ समोर. डोळ्यांना काहीच दिसत नसतं, तेव्हा भिंत, दार, पलंग आणि बेशुद्ध माणूस हातानेच ओळखायचा. वाटेत उघडी वीजवाहक तार असेल आणि तिला तळहात लागला, तर स्नायू आखडून मूठ तारेवरच आवळली जाते. हाताची पाठ लागली, तर तोच झटका हात तारेपासून दूर ओढतो. पायाचंही तसंच. अंगाचा भार मागच्या पायावर ठेवून पुढच्या पायाने जमीन चाचपायची आणि ती भक्कम आहे अशी खात्री पटली, की मगच पुढे सरकायचं.

हे शिकणारी मुलं-मुली दलाच्या नोकरीत असतात, आणि त्यांचा पगार पहिल्या दिवसापासून सुरू झालेला असतो. तिथे ‘ऑपरेशनल फायरफायटर’ या कामाची रीतसर शिकाऊ उमेदवारी आहे. तिचा दर्जा साधारण आपल्या बारावीच्या बरोबरीचा धरतात. लंडन फायर ब्रिगेडमध्ये नवा जवान याच वाटेने येतो. इतर धंद्यांत शिकाऊ म्हटल्यावर कायद्याने कमी वेतन देता येतं, पण बंबावर तसं होत नाही. दल आणि कामगार संघटना यांच्यातला करार ‘ग्रे बुक’ नावाने ओळखला जातो, आणि त्यात शिकाऊ, विकसनशील आणि सक्षम अशा तीन पायऱ्यांचे पगार ठरलेले आहेत. जुलै २०२३च्या दरांनुसार शिकाऊला वर्षाला २७,१७८ पौंड मिळत होते आणि सक्षम जवानाला ३६,२२६. म्हणजे ज्याला अजून काहीच येत नाही, त्यालाही पूर्ण पगाराचा तीन-चतुर्थांश हिस्सा मिळतो.

दलं या पद्धतीकडे वळली, त्यामागे एक आर्थिक कारणही आहे. एप्रिल २०१७पासून ब्रिटनमध्ये वर्षाला ३० लाख पौंडांपेक्षा जास्त पगार वाटणाऱ्या प्रत्येक मालकाकडून त्यावरच्या रकमेच्या अर्धा टक्का कर घेतला जातो. इंग्लंडमध्ये हा पैसा मालकाला परत वापरता येतो, पण फक्त उमेदवारांच्या शिक्षणावर आणि परीक्षेवर. अग्निशमन दलाचा बहुतेक खर्च माणसांवर होतो, त्यामुळे त्यांना हा कर चुकत नाही. मग जवानांना तयार करायचंच आहे, तर ते उमेदवारीच्या चौकटीत का नको, असा विचार झाला. पगार मात्र दल आपल्याच तिजोरीतून देतं.

शिकतानाच पगार मिळतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे अनेक महापालिका आणि नगरपालिकांच्या भरतीच्या जाहिरातींत अग्निशामकाचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम आधीच उत्तीर्ण असण्याची अट असते. फी भरायची, सहा महिने कमाई सोडायची आणि नोकरी लागेल की नाही याची खात्री नाही. दहावी-बारावी झालेल्या गावाकडच्या मुलाच्या घरी हा हिशोब जड जातो. दुसऱ्याचा जीव वाचवायला शिकण्याचा खर्च शिकणाऱ्याच्या घराने का सोसावा?

उमेदवारी पगारी असली, तरी आत शिरणं सोपं नसतं. ५५ किलोचा पुतळा उलट्या पावलांनी ३० मीटर ओढत न्यायचा, दृष्टी झाकणारा मुखवटा घालून अरुंद बोगद्यातून रांगायचं, साडेतेरा मीटरच्या शिडीवर दोन-तृतीयांश उंचीपर्यंत चढायचं, तिथे एक पाय पायरीत अडकवायचा आणि दोन्ही हात सोडायचे. उंचीची भीती किंवा कोंडलेल्या जागेची भीती असलेला माणूस इथेच लक्षात येतो.

यातून निवडलेल्यांचं पायाभूत प्रशिक्षण लंडनमध्ये सुमारे तीन महिने चालतं. आग समजते ती पोलादी कंटेनरमध्ये. आत लाकडी फळ्या पेटवतात आणि उमेदवारांना खाली गुडघ्यांवर बसवून वरचा धूर पाहायला लावतात. धुराचा थर छतापासून हळूहळू खाली उतरतो. तो धूर म्हणजे न जळालेलं इंधनच असतं. पुरेसा तापला की सगळी खोली एकदम पेटते. म्हणून पाण्याचे बारीक, छोटे फवारे आधी त्या थरात मारून तो थंड करायचा. पाणी जास्त झालं, तर त्याची वाफ मूळ आकाराच्या सुमारे १,७०० पट फुगते आणि मारणाऱ्यालाच भाजते. मोजकं पाणी मारण्याचा हा संयम मला त्या सगळ्या कवायतीतला सर्वात अवघड भाग वाटतो, कारण घाबरलेला माणूस नळी पूर्ण उघडतो.

श्वसनयंत्र लावून आत जाताना प्रत्येकाने आपला बिल्ला दारावरच्या माणसाकडे द्यायचा. बिल्ल्यावर नाव, सिलिंडरमधला दाब आणि आत जाण्याची वेळ असते. तो फळ्यावर लावला, की कोणाची हवा कधी संपत येईल याचा हिशोब तिथे होतो. धोक्याची शिट्टी वाजण्याआधी बाहेर यायचं आणि जोडीदाराला कधीच सोडायचं नाही.

त्यानंतर उमेदवार ठाण्यावर येतो आणि खरी उमेदवारी सुरू होते. तो एका ‘वॉच’चा, म्हणजे पाळीच्या तुकडीचा माणूस होतो. लाल, पांढरी, निळी आणि हिरवी अशा चार तुकड्या असतात. दोन दिवसपाळ्या, दोन रात्रपाळ्या आणि मग चार दिवस सुट्टी. एकत्र जेवणारी, एकत्र झोपेतून उठणारी ही माणसं. बंबावर कोणती वस्तू कोणत्या कप्प्यात आहे, हे त्याला अंधारातही सांगता आलं पाहिजे. हे घोटून घेण्याचं काम तुकडीतली जुनी माणसं करतात. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवायची आणि अधिकाऱ्याची सही घ्यायची.

हा धंदा शिकवण्याजोगा आहे, हे कुणीतरी आधी ओळखावं लागलं. १८२४ साली एडिंबरामध्ये जेम्स ब्रेडवूडने दल उभारलं, तेव्हा त्याने गवंडी, सुतार, लोहार, नळकाम करणारे आणि छपरं शाकारणारे कारागीर घेतले. घर कसं बांधतात हे ठाऊक असलेल्याला ते कुठून कोसळेल हेही कळतं, हा त्यामागचा विचार होता. पुढे लंडनला गेल्यावर त्याने खलाशांना पसंती दिली, कारण त्यांना उंचीची, दोरांची आणि रात्री-अपरात्री हुकूम पाळण्याची सवय असते. जून १८६१मध्ये टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत कोसळून तो गेला.

आजच्या उमेदवारापुढे वेगळी अडचण आहे. इंग्लंडमध्ये गेल्या पिढीच्या मानाने आगी खूप कमी झाल्या आहेत. घरोघरी धुराची इशारायंत्रं बसली, फर्निचरचे नियम कडक झाले. ठाण्यावर येणाऱ्या हाकांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास चुकीच्या इशाऱ्यांच्या असतात, आणि उरलेल्यांत रस्त्यावरचे अपघात, पूर, लिफ्टमध्ये अडकलेले लोक. दलाच्या प्रतिबंधक कामाचं हे यश आहे, आणि शिकाऊ उमेदवारही घरोघरी जाऊन त्या कामाला हातभार लावतो. पण जुने जवान ज्या आगींवर शिकले, त्या आता त्याच्या वाट्याला येत नाहीत. उमेदवारीची मुदत संपली तरी घरातली एकही मोठी आग आतून न पाहिलेला जवान असू शकतो. त्यामुळे शेवटची परीक्षा देऊन सक्षम ठरलेल्या आणि पूर्ण पगारावर गेलेल्या जवानालाही ठरावीक काळाने पुन्हा पेटत्या कंटेनरमध्ये गुडघ्यांवर बसवतात, आणि सराव झाल्याची नोंद नसेल तर त्याला श्वसनयंत्र लावून आत पाठवत नाहीत.