आधी गाव सांगा

शिकागोच्या परिसरात दोन-तीन दशके काढलेल्या मराठी माणसाला पोलिश आडनावे नवी राहत नाहीत. शेजारी, मुलांचे शिक्षक, ऑफिसातले सहकारी, कुठे ना कुठे एखादे '-स्की' किंवा '-विच' भेटतेच. आता तर आपल्यापैकी कित्येकांच्या घरांत ही आडनावे सुना-जावयांच्या निमित्ताने आली आहेत. आमच्याकडे ती सुनेबरोबर आली. नातवंडांसाठी मी हौसेने वंशवृक्ष काढायला घेतला. आपली बाजू सात पिढ्यांपर्यंत भराभर भरली. सुनेची बाजू मात्र माझ्या व्याह्यांच्या आजोबांपाशी येऊन थांबली.

व्याह्यांचे वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या आजोबांविषयी घरात एवढेच ठाऊक होते की ते १९०९ च्या सुमारास अमेरिकेत आले, पोलादाच्या कारखान्यात राबले आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेले. तेव्हा व्याह्यांचे वडील सहा वर्षांचे होते. त्यामुळे पुढच्या पिढीला काही सांगायला कोणी उरलेच नाही. घरात बोलणे पोलिश, पण सगळ्या कागदांवर जन्मदेश रशिया! "आम्ही नक्की कुठले, आणि माझ्या आजोबांच्या आईचे नाव काय, एवढे तरी मरण्यापूर्वी कळावे," असे व्याही म्हणाले. मी निवृत्त माणूस. दोन हिवाळे या कामात घालवले. त्यातून जे शिकलो ते इथे मांडतो आहे, कारण हाच प्रश्न आणखी काही मराठी घरांत येणार, किंबहुना आलाच असेल.

पहिली गोष्ट इतिहासाची. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन हप्त्यांत पोलंड वाटून घेतला. त्यानंतर नोव्हेंबर १९१८ पर्यंत पोलंड नावाचे स्वतंत्र राष्ट्र नव्हते. पोलिश लोक अमेरिकेत मोठ्या संख्येने आले ते याच काळात. १८५४ मध्ये सायलेशियातून आलेल्या कुटुंबांनी टेक्सासमध्ये पान्ना मारिया ही पहिली कायम वस्ती केली. त्यानंतर आधी प्रशियाच्या आणि मग ऑस्ट्रिया व रशियाच्या ताब्यातल्या मुलखातून लोकांचा ओघ लागला, तो पहिल्या महायुद्धापर्यंत. पुढे १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी दार जवळजवळ लावून घेतले. म्हणजे येणारा माणूस हाडाचा पोलिश, पण त्याच्या कागदावर 'जर्मनी', 'ऑस्ट्रिया' नाही तर 'रशिया'. व्याह्यांच्या कागदांवरचा 'रशिया' खोटा नव्हता. तो राज्यकर्त्याचे नाव सांगत होता, माणसाचे नव्हे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पोलंडमध्ये साऱ्या देशाची मिळून एक जन्मनोंदवही कधीच नव्हती. नोंदी चर्चच्या, आणि चर्च गावांच्या एका गटाचे. त्याला पॅरिश म्हणतात. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्ये वंशावळीच्या वह्या ठेवतात. तिथे जाऊन "आम्ही महाराष्ट्राचे" म्हटले तर उपाध्ये नुसते हसतील. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की मग वही उघडते. इथेही नेमके तसेच आहे. गाव कळल्याशिवाय पॅरिश कळत नाही आणि पॅरिश कळल्याशिवाय पुस्तक उघडत नाही. म्हणून शोध पोलंडमध्ये नव्हे, अमेरिकेतच सुरू करायचा.

इथे कुठे पाहायचे? मृत्यूच्या दाखल्यापासून सुरुवात करावी, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. ती माहिती मृताने दिलेली नसते. आमच्या दाखल्यावर आईच्या नावापुढे 'अज्ञात' असे होते, कारण माहिती देणारा त्याच खाणावळीतला एक सोबती होता. शिरगणतीची पाने ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची पाने २०२२ मध्ये खुली झाली, १८९० ची मात्र जवळजवळ सगळी आगीच्या घटनेनंतर नष्ट झाली. १९१० आणि १९२० च्या शिरगणतीत मातृभाषाही विचारली आहे. 'रशिया' या शब्दाशेजारी 'पोलिश' लिहिलेले तिथेच सापडते. नागरिकत्वाचे अर्ज सप्टेंबर १९०६ नंतरचे असतील तर उत्तम, कारण तेव्हापासून देशभर एकच तपशीलवार फॉर्म आला. त्यापूर्वीच्या कागदात बहुधा फक्त कोणत्या राजाची निष्ठा सोडली तेवढेच असते. जून १९१७ च्या लष्करी नोंदणीच्या कार्डावर जन्मस्थळाचा रकाना आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये उभारलेल्या हालरच्या पोलिश सेनेत अमेरिकेतून वीस हजारांहून अधिक तरुण गेले. त्यांचे भरतीचे कागदही जपलेले आहेत.

जहाजांच्या याद्या हे दुसरे मोठे साधन. १९०७ च्या सुमारास या यादीत जन्मगाव आणि मायदेशातल्या सर्वांत जवळच्या नातेवाइकाचे नाव-पत्ता हे रकाने आले. हॅम्बुर्ग बंदरावरून सुटलेल्या प्रवाशांच्या १८५० ते १९३४ या काळातल्या याद्या बऱ्याचशा शिल्लक आहेत. ब्रेमेनच्या जुन्या याद्या मात्र गेल्या. तरी ब्रेमेनहून आलेल्या माणसाची नोंद अमेरिकेच्या बंदरावर सापडू शकते. इथे एक गैरसमज दूर करतो. एलिस बेटावरच्या कारकुनाने आडनावे बदलली असे पुष्कळ घरांत सांगतात. कारकुनाच्या हातात जहाज कंपनीने तिकडे तयार केलेली यादीच असे. तो ती तपासून पाही. नावे बदलली ती पुढे इथल्या शाळेत, कारखान्यात, बँकेत, आणि बहुधा स्वतः त्या माणसांनीच. व्वादिस्वाव्हचा वॉल्टर झाला, स्तानिस्वाव्हचा स्टॅन्ली, चेस्वाव्हचा चेस्टर. वोय्चेख लॅटिनमध्ये अडालबर्टुस होतो, म्हणून तो इथे अल्बर्ट झाला. एकाच माणसाची तीन नावे तीन कागदांवर दिसली तर घाबरू नये.

पण या सगळ्यांत मला उपयोगी पडले ते शिकागोतल्या पोलिश चर्चचे लग्नाचे पुस्तक. सेंट स्टॅनिस्लाऊस कोस्टका हे इथले सर्वांत जुने पोलिश पॅरिश, १८६७ चे. त्यानंतर अशी अनेक पॅरिशेस झाली. पोलिश धर्मगुरू लग्नाच्या नोंदीत वधूवरांचे गाव लिहून ठेवीत. सरकारी कारकुनाला जे रशिया तेवढेच ऐकू येई, ते धर्मगुरूला गावासकट ऐकू येई, कारण तो त्याच भाषेतला होता. आमच्या १९११ च्या नोंदीत मजकूर लॅटिन, आणि गावापुढे अक्षरे होती 'झ नोवेय व्सि'. या नावाचे गाव कुठल्याही नकाशात सापडेना.

उत्तर मराठी माणसाला सहज कळावे असे आहे. पोलिशमध्ये आपल्यासारख्याच विभक्ती आहेत आणि नावाचे रूप बदलते. आपण 'पुण्याहून आलो' म्हणतो. परका माणूस नकाशात 'पुण्या' शोधत बसला तर त्याला पुणे कसे सापडणार? 'झ नोवेय व्सि' म्हणजे 'नोवा व्येश' या गावाहून. आणि नोवा व्येश म्हणजे शब्दशः नवे गाव! आपल्याकडे पिंपळगावे जितकी, तितकीच तिकडे नोवा व्येश आहेत. बसवंत की आणखी कुठले, हे सांगितल्याशिवाय पिंपळगावाला अर्थ नाही. जहाजाच्या यादीत वडिलांच्या नावापुढे प्रांत लिहिला होता, प्वोत्स्क. त्यामुळे शोध एका प्रांतापुरता उरला. पुढचे काम वॉर्सात १८८० ते १९०२ या काळात निघालेल्या पंधरा खंडांच्या भौगोलिक कोशाने केले. त्यात खेड्यापाड्यांची माहिती आहे, आणि कोणते गाव कोणत्या पॅरिशमध्ये हेही पुष्कळदा दिलेले आहे. तो आता इंटरनेटवर घरबसल्या पाहता येतो.

पॅरिश कळले की ते कोणत्या राज्यकर्त्याच्या हद्दीत होते ते पाहायचे, कारण पुस्तकाची भाषा आणि मांडणी त्यावर ठरते. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गालिसियात, म्हणजे क्राकूव्ह आणि ल्विव्हच्या बाजूला, १७८४ पासून सरकारी नमुन्याचे रकाने आहेत. भाषा बहुधा लॅटिन. घराचा नंबर, आई-वडील, पुष्कळदा आजी-आजोबा, बाळाला हाती धरणारे धर्ममातापिता असा सगळा तपशील एका ओळीत. घराच्या नंबरावरून तर एका उंबरठ्याआडच्या पिढ्या लावता येतात. प्रशियाच्या भागात, पोझनानकडे, चर्चची पुस्तके लॅटिन किंवा जर्मन, आणि ऑक्टोबर १८७४ पासून त्यांच्या जोडीला सरकारी नोंदणी कचेरी.

वॉर्साच्या बाजूच्या रशियन भागात नेपोलियनच्या कायद्याची पद्धत १८०८ मध्ये आली आणि तीच पुढे टिकली. इथे रकाने नाहीत, प्रत्येक जन्माचा एक परिच्छेद असतो. अमुक गावी, अमुक दिवशी, अमुक वाजता अमुक शेतकरी, वय इतके, दोन साक्षीदारांसह आला आणि त्याने आम्हांला स्त्री वा पुरुष जातीचे बालक दाखवले, ते त्याच्या अमुक नावाच्या, अमुक वयाच्या, माहेरच्या अमुक आडनावाच्या पत्नीपासून जन्मले. शेवटी मजकूर वाचून दाखवला आणि लिहिता येत नसल्याने केवळ आम्हीच सही केली. १८६८ पर्यंत हे पोलिशमध्ये, त्यानंतर पहिल्या महायुद्धापर्यंत रशियनमध्ये. तारखाही दोन-दोन, एक रशियाच्या जुन्या पंचांगाची आणि एक आपल्या नेहमीच्या. एकोणिसाव्या शतकात दोन्हींत बारा दिवसांचे अंतर आहे. रशियन हस्ताक्षर पाहून प्रथम मोडी आठवली. पण मजकूर ठरावीक असल्याने महिने, आकडे, नाती असे तीसएक शब्द ओळखू लागले की वाट सापडते. शिवाय बहुतेक वर्षांच्या शेवटी नावांची सूची असते, आणि रशियनच्या शेजारी कंसात पोलिश अक्षरांत नाव लिहिलेले आढळते.

यातले आज काय शिल्लक आहे? या भागात पुस्तकांच्या दोन प्रती होत, एक चर्चमध्ये आणि दुसरी सरकारकडे. म्हणून एक जळली तरी दुसरी वाचली अशी उदाहरणे आहेत. १९४४ मध्ये जर्मनांनी वॉर्सातली अभिलेखागारे जाळली, त्यात अपरिमित हानी झाली. १९४५ मध्ये सीमा सरकल्यामुळे ल्विव्हसारखी शहरे पोलंडबाहेर गेली. तिकडची काही पुस्तके वॉर्सात आहेत, काही युक्रेनमध्ये. शंभर वर्षांच्या आतले जन्म आणि ऐंशी वर्षांच्या आतली लग्ने व मृत्यू स्थानिक नोंदणी कचेरीत असतात आणि जवळच्या नातेवाइकालाच मिळतात. त्याहून जुनी पुस्तके सरकारी अभिलेखागारांत जातात आणि त्यांतली लाखो पाने इंटरनेटवर फुकट पाहता येतात. पोलिश वंशशास्त्र संस्थेच्या स्वयंसेवकांनी 'गेनेटेका' नावाची सूची केली आहे. पॅरिश आणि आडनाव घातले की सूचीतली वर्षे आणि पुष्कळदा मूळ पानही समोर येते. काही पुस्तके फक्त बिशपच्या अभिलेखागारात असतात. तिथे नम्र पत्र लिहावे, शक्यतो पोलिशमध्ये, आणि एका वेळी एकच माणूस विचारावा.

आम्हांला १८८७ च्या जन्माची नोंद मिळाली. वडील शेतमजूर, वय अडतीस. आई बत्तीस वर्षांची, नाव आणि माहेरचे आडनाव दोन्ही स्पष्ट. तिचे नाव इथे लिहीत नाही, ते त्या घराचे आहे. त्याच पुस्तकांत आणखी पाच भावंडांचे जन्म सापडले, आणि त्यांतल्या तिघांचे लहानपणीचे मृत्यूही. अमेरिकेला निघालेल्या त्या मुलामागे घरात काय उरले असेल याचा अंदाज मला त्या तीन परिच्छेदांवरून आला. पोलिश घरांत नाताळच्या आदल्या रात्री अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्त मांडतात. त्या वर्षी व्याह्यांनी ते ताट मांडताना आपल्या पणजीचे नाव घेतले. शंभर वर्षांत त्या घरात ते कोणी उच्चारले नव्हते.

आता आपल्याविषयी थोडे. व्याह्यांच्या घरात गावाचे नाव हरवायला दोनच पिढ्या पुरल्या. आपण तरी काय वेगळे आहोत? इथल्या सरकारी कागदांवर आपल्या नावापुढे 'इंडिया' एवढेच लिहिलेले असते. ज्यांचे वडील १९३० मध्ये लातूरला जन्मले त्यांचा जन्म निजामाच्या राज्यातला, नागपूरचे असतील तर मध्य प्रांत-वऱ्हाडातला, आणि महाराष्ट्र राज्य तर १९६० चे. जुने कागद कुठे उर्दूत, कुठे मोडीत. उद्या एखाद्या पणतूने विचारले तर त्याला यातले काहीच सापडणार नाही.

तेव्हा मंडळी, एका कोऱ्या कागदावर चार गोष्टी लिहून ठेवा: गाव, तालुका, जिल्हा आणि त्या काळी तिथे राज्य कोणाचे होते. त्याखाली आईचे, आजीचे आणि पणजीचे नाव लिहा, सासरचे आणि माहेरचे दोन्ही. आपल्या वंशावळींत बायकांची नावे फारशी नसतात, म्हणून ती आधी लिहा. देवनागरीत लिहा आणि खाली इंग्रजीतही, कारण वाचणाऱ्याला कोणती लिपी येत असेल ते आज सांगता येत नाही. कागद घराच्या महत्त्वाच्या दस्तऐवजांबरोबर ठेवा. अर्ध्या तासाचे काम आहे. या रविवारीच करा.