डाकारचं लाल सरबत

सेनेगलची राजधानी असलेल्या डाकारच्या रस्त्यांवर ‘कार रापीद’ म्हणतात त्या रंगीबेरंगी मिनीबस गर्दीत अडकल्या, की शीतपेट्या घेतलेले विक्रेते खिडक्यांपाशी येतात. पेटीत आल्याचा रस असतो, गोरखचिंचेच्या गराचं दाट ‘बुई’ असतं आणि बिस्साप तर हवंच. गडद लाल, आंबटगोड, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत गाठ मारून गोठवलेलं. पिशवीचा कोपरा दातांनी तोडायचा आणि चोखत राहायचं, आपल्याकडे शाळेबाहेर मिळणाऱ्या ‘पेप्सी’सारखं. हेच सरबत लग्नघरी पाहुण्यांपुढेही येतं, तेव्हा काचेच्या ग्लासात.

याला जास्वंदीचं सरबत म्हणतात खरं, पण ही गणपतीला वाहतो ती जास्वंद नव्हे. तिच्याच कुळातली ही आपली लाल अंबाडी. पाकळ्या गळाल्या की बोंडाभोवती जो मांसल लाल कोश वाढतो, त्याचं हे पेय. विदर्भात त्याचं सरबत आणि चटणी करतात. सेनेगलमध्ये पाला शिजवून त्याची आंबट चटणी मासे-भाताबरोबर, म्हणजे ‘चेबुजेन’बरोबर वाढतात. हेच पेय इजिप्तमध्ये करकडे, नायजेरियात झोबो, घानात सोबोलो.

काओलाक, फातिक या भुईमुगाच्या पट्ट्यात अंबाडी बहुतेक शेताच्या कडेनं लावतात आणि ते काम मुख्यतः बायकांचं. पावसावर पेरायची, पाऊस सरल्यावर तोडायची. तोडणीपेक्षा सोलणी किचकट. धारदार नळीनं बियांचं बोंड एकेक करून बाहेर ढकलायचं, कोश अख्खा राहिला पाहिजे. मग उन्हात वाळवण. ओल्या नऊ-दहा किलोंचा वाळून जेमतेम एक किलो उरतो, आणि त्यात वाळू मिसळली तर भाव पडला.

सरबत करणं त्यामानानं सोपं. कोश धुऊन पाण्यात भिजवायचे किंवा उकळायचे, गाळायचं, पुदिना, व्हॅनिला नाहीतर संत्र्याच्या फुलांचं पाणी घालायचं. फार उकळलं की लाल रंग विटकरी होत जातो. आंबटपणा मात्र इतका, की साखर सढळ हातानं ओतावीच लागते.

धंद्याची खरी गोम इथेच आहे. फुलाहून साखर, बर्फ आणि वीज यांचीच चिंता मोठी. २०११ साली वीजकपातीवरून डाकारमध्ये दंगली उसळल्या होत्या. शीतपेटीवर पोट असलेल्या बाईला वीज गेल्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मागाट वाड या सेनेगली उद्योजिकेला एक गोष्ट खुपली: मायदेशी पाहुण्यांसमोर बिस्सापऐवजी परदेशी कोला येऊ लागला होता. २००४ साली त्यांनी अमेरिकेत ‘आदिना’ ही पेयांची कंपनी उभी केली. हेतू चांगला, पण परदेशी गिऱ्हाइकाच्या कौतुकावर घरच्या पेयाची प्रतिष्ठा अवलंबून असावी, हे जरा चमत्कारिकच.

डाकारमध्येच वेगळी खटपट चालू आहे. १९६३ साली स्थापन झालेली तिथली अन्नतंत्रज्ञान संस्था स्थानिक पिकांवरच्या प्रक्रियेचं काम करते आणि महिलांचे गट बिस्सापचा पाक नि निर्जंतुक केलेल्या बाटल्या विकतात. त्यासाठी सरकारी परवाना लागतो, लेबल लागतं, एकसारख्या बाटल्या मिळवाव्या लागतात. पिशवीवालीला यातलं काही नको असतं. तिचा माल त्याच दिवशी विकला गेला म्हणजे झालं, आणि रमजानात रोजा सोडायला घरोघरी लाल सरबत लागतंच.