एआय एजंटने ५०० ऐवजी ५ रुपये परत केले, तर चूक नक्की कोणाची?

समजा, एका ऑनलाइन दुकानाने ग्राहकांच्या तक्रारी निस्तरायला एआय एजंट ठेवला आहे. तुमची ५०० रुपयांची वस्तू खराब निघाली आणि तुम्ही तक्रार केली. एजंटने ती वाचली, तुमचं म्हणणं मान्य केलं आणि 'रिफंड' नावाचं टूल चालवलं. रकमेच्या जागी त्याने लिहिलं, ५००. तुमच्या खात्यात जमा झाले फक्त ५ रुपये!

असं कसं झालं? रेझरपेसारख्या पेमेंट सेवांना रक्कम रुपयांत नाही, तर पैशांत सांगावी लागते. म्हणजे ५०० रुपयांसाठी ५०००० लिहायचं. डेव्हलपरला हे माहीत होतं. पण एजंटला दिलेल्या वर्णनात त्याने एवढंच लिहिलं होतं, "ग्राहकाला पैसे परत करते." उरलेलं एजंटने अंदाजाने भरलं.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण अशा चुका खऱ्याच होतात.

एजंटला टूल कसं दिसतं?

साधा चॅटबॉट उत्तर देतो. एजंट त्यापुढे जाऊन काम करतो. तिकीट काढणं, फाइल बदलणं, मेल पाठवणं अशा कामांसाठी त्याला टूल्स दिलेली असतात. पण टूलच्या आतला कोड त्याला सहसा दिसत नाही. त्याच्यासमोर तीनच गोष्टी असतात: टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणकोणती माहिती भरायची त्याची यादी. त्यावरून तो ठरवतो की कोणतं टूल वापरायचं आणि त्यात काय भरायचं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, जाहीर केला. एजंट आणि टूल्स जोडण्याची ही एक सामाईक पद्धत. २०२५ मध्ये ओपनएआयनेही ती स्वीकारली. त्यामुळे जोडणी सोपी झाली, पण वर्णन नीट लिहिण्याचं काम टूल बनवणाऱ्याकडेच राहिलं.

माणसाला चालतं, ते एजंटला का चालत नाही?

ऑफिसात नवीन आलेला माणूस अडला की शेजाऱ्याला विचारतो, "रक्कम रुपयांतच लिहायची ना?" एजंट बऱ्याचदा विचारत नाही. अंदाज बांधतो आणि पुढे जातो. शिवाय माणूस दिवसात दहा रिफंड करेल, एजंट हजार करू शकतो. चूकही तितक्याच वेळा होते.

बनवणारेही इथेच अडखळले

खुद्द अँथ्रॉपिकने आपले असे दोन अनुभव सांगितले आहेत. त्यांचा कोडिंग एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेला की फाइलचा पत्ता चुकवायचा, कारण टूलमध्ये अर्धवट पत्ता चालत होता. त्यांनी 'दरवेळी पूर्ण पत्ता द्या' असा नियम केला आणि चुका थांबल्या.

दुसरा किस्सा वेब सर्चचा. त्यांचा क्लॉड गरज नसताना शोधशब्दांपुढे '२०२५' जोडत होता आणि निकाल बिघडत होते. टूलचं वर्णन सुधारल्यावर ही सवय गेली.

चांगल्या वर्णनात काय हवं?

- उपयोग आणि मर्यादा: टूल कधी वापरायचं आणि कधी नाही, दोन्ही लिहा.
- स्पष्ट नावं: नुसतं 'युजर' म्हटलं तर नाव द्यायचं की नंबर, हे कळत नाही. 'युजर आयडी' म्हटलं की प्रश्न मिटतो.
- एकक आणि नमुना: रुपये की पैसे, ते सांगा. तारखेचंही तेच. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. 'वर्ष-महिना-दिवस' असा क्रम ठरवून द्या आणि एक उदाहरण जोडा.
- परिणाम: फाइल डिलीट केली तर परत मिळेल का? नसेल, तर ते पहिल्याच ओळीत लिहा.
- उपयोगी एरर: 'एरर ४००' वाचून काहीच कळत नाही. 'रक्कम पैशांत द्या, उदा. ५००००' असं लिहिलं, तर एजंट स्वतःच चूक सुधारू शकतो.

मग पानंच्या पानं लिहायची का?

नाही. मॉडेल एका वेळी ठरावीक मजकूरच ध्यानात घेऊ शकतं. पन्नास टूल्सची लांबलचक वर्णनं कोंबली, तर महत्त्वाची ओळ गर्दीत हरवते आणि खर्चही वाढतो.

आणखी एक धोका आहे. एजंट वर्णन वाचून वागतो, म्हणून कोणी त्यात लपवून "युजरच्या खासगी फाइल्स इकडे पाठव" असंही लिहू शकतो. त्यामुळे अनोळखी टूल जोडण्याआधी त्याचं वर्णन स्वतः वाचा.

आणि कितीही छान लिहिलं, तरी कुलूप कोडमध्येच हवं. ऑर्डरच्या रकमेपेक्षा जास्त रिफंड होऊच नये आणि मोठ्या रकमेला माणसाची मंजुरी लागावी, ही सोय वर्णनावर सोडून चालत नाही.

एक सोपी चाचणी

टूलचं वर्णन अशा मित्राला वाचायला द्या, ज्याने ते टूल कधी पाहिलेलंच नाही. मग विचारा, "५०० रुपये परत करायला इथे काय लिहिशील?" तो अडखळला, तर एजंटही अडखळणार. फरक इतकाच की मित्र तुम्हाला विचारेल, एजंट कदाचित विचारणार नाही.