खाणीच्या खड्ड्यात जगभरची झाडं



मुरमाड जागेत झाड लावायचं तर आपण खड्डा घेतो, बाहेरून चांगली माती आणतो, शेणखत घालतो. आता समजा, खड्डाच एका वस्तीएवढा मोठा आहे आणि त्यात माती अजिबात नाही. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा भाग आहे. तिथे अशाच जागेवर एक बाग उभी राहिली. तिचं नाव ईडन प्रोजेक्ट. जगातल्या वेगवेगळ्या हवामानातली झाडं तिथे एका ठिकाणी पाहायला मिळतात.

कॉर्नवॉलमध्ये चिनी माती सापडते, कपबश्या करतात ती. ती काढून काढून सुमारे ६० मीटर खोल खड्डा झाला होता. टिम स्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बागेसाठी हीच जागा निवडली. मार्च २००१ मध्ये बाग लोकांसाठी उघडली.

फोटोत आधी दिसतात ते मोठे घुमट, साबणाचे बुडबुडे एकमेकांना चिकटावेत तसे. हा आकार हौसेखातर नाही घेतला. आराखडा चालू होता तेव्हा खाणीचं कामही चालूच होतं, जमिनीची उंची बदलत होती. बुडबुडा उंचसखल जागेवरही नीट बसतो, म्हणून वास्तुरचनाकार निकोलस ग्रिमशॉ यांनी तो घेतला. घुमटांना काच नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या थरांत हवा भरून उशा केल्या आहेत. काचेपेक्षा त्या कितीतरी हलक्या.

एका बाजूच्या घुमटांत उष्ण, दमट जंगल आहे. सुमारे चार एकर जागा आणि जवळजवळ ५० मीटर उंची. तिथे केळी, ऊस, कॉफी, कोको, रबर. आपल्या परसातली केळ पाहायला तिकडे लोक तिकीट काढतात! दुसऱ्या बाजूला भूमध्य सागराकाठचं हवामान, म्हणजे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. तिथे ऑलिव्ह, द्राक्षं, संत्र्या-लिंबांची झाडं. घुमटांबाहेर तिथल्या थंड हवेत येणारी झाडं आणि पिकं.

मला विचाराल तर घुमटांपेक्षा मोठं काम झालं ते जमिनीखाली. खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा खाली होता. बांधकामाच्या सुरुवातीलाच इतका पाऊस झाला की खड्ड्यात तळं साचलं. मग तळाखालून निचऱ्याची व्यवस्था केली. तिथे जमणारं पाणी फेकून देत नाहीत. ते झाडांना, दमटपणा राखायला आणि संडासांसाठी वापरतात.

आणि माती? ती तयार केली. खाणीतच पडलेली टाकाऊ वाळू घेतली, त्यात झाडांच्या सालींचं आणि पालापाचोळ्याचं कुजलेलं खत मिसळलं. अशी ८० हजार टनांहून जास्त माती झाली. दहा टनी ट्रकने वाहायची तर आठ हजारांवर खेपा! सगळीकडे एकच मिश्रण नाही वापरलं. दमट जंगलाच्या झाडांना सेंद्रिय खत भरपूर, कोरड्या भागातल्या झाडांना कमी. काही झाडांना जास्त खत सोसतच नाही. आपल्या गटांत गांडूळखत करणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. टाकाऊ वाळूला ओल धरायला आणि जीव यायला जे लागलं, ते म्हणजे कुजलेला कचराच.

किडींसाठीही शक्यतो जिवंत उपाय आहेत. घुमटांत किडे खाणारे पक्षी आणि पाली सोडल्या आहेत.

म्हणून हे खरं जंगल झालं का? नाही. झाडं छतापर्यंत जाऊ लागली की छाटावी लागतात. वाघरू नाही, हत्ती नाही. आणि ऊब विकत घ्यावी लागते, कारण थंड देशात केळीला वर्षभर उष्ण हवा द्यायची आहे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी सुमारे पाच किलोमीटर खोल विहीर पाडली. इतक्या खोलवर खडक तापलेला असतो. विहिरीत पाणी फिरवून ती उष्णता वर आणतात. २०२३ पासून घुमटांना ही जमिनीतली ऊब मिळू लागली.